‘शुगर-फ्री’ म्हणजे पथ्य नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

यंदाच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्या घरी आमरसात साखरेऐवजी गोड गोळ्या कुटून घातल्या होत्या. त्या भरवशावर माझ्यासारख्या जुन्या मधुमेह्याने दोन वाट्या रस आणि खापरावरची दीड पुरणपोळी निर्धास्तपणे खाल्ली. संध्याकाळी रक्तातील साखरेचा आकडा पाहिल्यावर ध्यानात आले, की गोळ्यांनी केवळ वरून घालायची साखर वाचवली होती. आंब्याची साखर, पुरणातील गूळ आणि पोळीची कणीक जागच्या जागीच होती. साखर अधिक वाईट की कृत्रिम गोडी, या वादात नेमके हेच निसटते.

आपल्या खान्देशात रोजची साखर पोटात जाते ती मुख्यतः चहातून. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे धरले, तरी सुमारे ४० ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. ज्याच्या घशाखाली फिका चहा उतरत नाही, अशा मधुमेह्याने साखरेच्या जागी गोळी घेतली तर १६० कॅलरी वाचतात आणि रक्तातील साखरही उसळत नाही. (अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याची गोडी उकळल्यावर कमी होते, म्हणून ती गोळी पातेल्यात न टाकता कपात टाकावी.) गुळाचा चहा हा मात्र यावरचा उपाय नव्हे, कारण गूळही बहुतांशी साखरच असतो.

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेकडून अ‍ॅस्पार्टेमची नोंद ‘कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता’ असलेल्या गटात झाल्यापासून अनेकांनी धसका घेतला आहे. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली, हे फारसे कोणी सांगत नाही. साठ किलोच्या माणसाला ती २४०० मिलिग्रॅम पडते आणि चहातील गोळ्यांनी ती गाठणे कठीण आहे.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्याच वर्षीच्या मे महिन्यातील जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांचा आधार घेऊ नये, असे संघटनेने म्हटले. कारण दीर्घकाळ चाललेल्या पाहण्यांत ते घेणाऱ्यांमध्ये मधुमेह व हृदयविकार अधिक आढळले. मुळात वजन वाढलेली माणसेच या गोळ्यांकडे वळतात, त्यामुळे दोष गोळीचाच, असे ठामपणे म्हणता येत नाही. शिवाय आधीच मधुमेह असलेल्यांना हा सल्ला लागू नाही. पण धडधाकट माणसाने ही सवय का लावून घ्यावी? मुलांना तर ती मुळीच लावू नये.

राहिला प्रश्न ‘शुगर-फ्री’ मिठाईचा. बंद पाकिटावर कृत्रिम गोडवा असल्याची सूचना छापावी लागते, परातीतील पेढ्यावर मात्र नुसती ‘शुगर-फ्री’ची पाटी दिसते आणि खवा, तूप, मैदा यांबद्दल एक अक्षरही नसते. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या मिठाई विक्रेत्यांनी त्याच पाटीवर कोणता गोडवा वापरला आणि शंभर ग्रॅममध्ये कॅलरी किती, एवढे तरी खडूने लिहावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमळनेर