खाजनाचा चिखल सलग खरवडू नये

संपादक महोदय,

खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनींचे, बांध दुरुस्त करताना किंवा खाडीचे पात्र खोल करताना आपल्याकडे गोव्यात काठचा चिखल यंत्राने उपसला जातो. बांध टिकलेच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा मात्र एकाच वेळी सलग खरवडू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

या चिखलात राहणारे पॉलिकीट गटातील वलयी कृमी हे मासे, कुर्ल्या आणि चोडणच्या अभयारण्यात उतरणारे तुतवार पक्षी यांचे अन्न आहे. त्यांतील अनेक जाती अंडी आणि शुक्रपेशी थेट पाण्यात सोडतात. फलित अंड्यातून भोवऱ्याच्या आकाराचा ट्रोकोफोर डिंभ (पिल्लाची सुरुवातीची अवस्था) तयार होतो आणि कमरेभोवतीच्या रोमकांच्या, म्हणजे सूक्ष्म केसांसारख्या तंतूंच्या, पट्ट्याने तो पोहतो. युरोपच्या किनाऱ्यावरील प्लॅटिनेरीस या कृमीचा विकास बारकाईने अभ्यासला गेला आहे: 18 अंश सेल्सिअसच्या पाण्यात त्याच्या डिंभाला सुमारे तीन दिवसांत शरीराचे पहिले तीन खंड (कड्यांसारखे भाग) दिसू लागतात आणि पुढचे खंड शेपटीच्या टोकाअलीकडील वाढीच्या पट्ट्यातून एकेक करून येतात. अशा अवघ्या काही खंडांच्या जिवाला अखेर तळाशी उतरून बस्तान बसवायचे असते, आणि अनेक जातींचे डिंभ पृष्ठभागावरील जिवाणूंचा थर ओळखूनच तेथे थांबतात.

याच प्लॅटिनेरीसचे प्रौढ आयुष्यात एकदाच प्रजनन करतात. त्या वेळी त्यांचे डोळे मोठे होतात, पचनमार्ग क्षीण होतो, पाय वल्ह्यांसारखे रुंदावतात, आणि पाण्यात अंडी किंवा शुक्रपेशी सोडल्यावर ते मरतात. ज्या जातीचे जीवनचक्र असे आहे, तिचे प्रौढ प्रजननाआधीच चिखलासह उपसले गेले तर पुढच्या वर्षी अंडी घालायला तेच प्राणी पुन्हा मिळत नाहीत. कॅपिटेला या कृमीची मादी तर आपले भ्रूण स्वतःच्या नळीतच जपते. तेथे आई आणि पिल्ले एकाच फावड्यात जातात. (डिंभांना प्रवाहाबरोबर दूर जाता येते हे खरे, पण ते सोडणारे प्रौढ कोठे तरी शिल्लक असावे लागतात.)

माशांच्या प्रजननासाठी आपण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी थांबवतो. त्याच माशांच्या अन्नाचा विचार करून, उपसण्याच्या प्रत्येक कामात मध्ये मध्ये न छेडलेले पट्टे राखण्याची आणि काम टप्प्याटप्प्याने करण्याची अट संबंधित खात्यांनी परवान्यातच घालावी.

एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, दिवाडी