ऑर्गनवाल्या काकांस

काका, नमस्कार.

'सौभद्र'च्या रंगीत तालमीचे फोटो मंडळात पोचले आणि माझं कौतुक झालं. त्यातलं अर्धं तुमचं आहे, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

पहिल्या अंकात मी जे केलं, ते आठवलं की अजून कान तापतात. पदाच्या मध्ये सुभद्रा श्वास घ्यायला थांबली आणि नेमका तेव्हाच माझा जुना कॅमेरा खाडकन वाजला. देवळाचा मांडव सगळा चिडीचूप. तान तिथंच तुटली. समोरून "कोण रे तो?" आलं आणि मी मुकाट्यानं बॅग आवरायला घेतली. आपल्याकडच्या जत्रांत १८८२ सालचं हे नाटक लोक पदांसाठी बघायला येतात. तिथं खटका कोण खपवून घेणार?

तेव्हा तुम्ही ऑर्गनशेजारचं स्टूल पुढं सरकवलंत. "हांगा बस. फोटो काढ, पण समेवर काढ. तबल्याच्या थापेत तुझा आवाज जिरून जातो."

फ्लॅश नको, आयएसओ ३२०० हवा, शटर १/२०० च्या खाली नको, हे मला ठाऊक होतं. त्रितालाच्या सोळा मात्रांत एकदाच, पहिल्या मात्रेला म्हणजे समेला, बोट दाबायचं, हे नव्हतं. उरलेल्या पंधरा मात्रा नुसतं बघत बसायचं. मध्यंतरापर्यंत मी चारशे फोटो काढले होते, नंतर बासष्ट. मंडळानं निवडले ते जवळजवळ सगळे या बासष्टातले.

मध्यंतरात तुम्हीच मला रंगपटात नेलंत. "आमचोच तो," एवढं म्हणालात आणि कुणी मला हटकलं नाही. यतीच्या वेषातला अर्जुन दाढी कपाळावर चढवून पातळभाजी-पाव खात होता. कृष्ण फोनवर बायकोला गॅस बंद केलास का विचारत होता, आणि दातांत टाचण्या धरलेली रुक्मिणी त्याचा शेला नीट करत होती. सुभद्रा गरम पाण्याचा पेला गळ्याशी धरून डोळे मिटून बसलेली. मी घुटमळलो. तिनं एक डोळा उघडला, म्हणाली, "आता काढ."

सोबत तुमचाही एक फोटो धाडतोय. चष्मा नाकावर घसरलेला, चपला बाजूला, अनवाणी पाय भात्यावर. हा समेवरचा नाही हं, नवव्या मात्रेवर, खालीला, म्हणजे तबल्याची थाप हलकी होते तिथं काढलाय. तुम्हाला खटका ऐकू आला होता. मान न वळवता हसलात, तेच यात आलंय.

तुमचा,
स्टुलावरचा फोटोवाला