जमीन मित्राच्या नावावर नको

लातूर,
दि. १२ मे २०२४

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मागच्या रविवारी तू फोनवर घरबांधणीचा बेत सांगितलास तेव्हा मी नुसते ‘बघू’ म्हणालो आणि फोन आईकडे दिला, त्याचा तुला राग आला असणार. पण आकडे आणि कायद्याच्या गोष्टी फोनवर नीट सांगता येत नाहीत, आणि त्यांतली एक गोष्ट तर अशी आहे की ती तुझ्या तोंडावर सांगणे मला आजवर जमलेले नाही. म्हणून हे पत्र लिहायला घेतले. सवडीने वाच.

तुझा बेत मला समजला तो असा: तुझ्या शाळेपासूनच्या मित्राने औसा रोडच्या बाजूला २० गुंठे शेतजमीन पाहिली आहे, ती घेऊन, अकृषक म्हणजे बिगरशेती करून त्यावर १० रो-हाऊस बांधायची, तू जर्मनीहून टप्प्याटप्प्याने ६० लाख रुपये पाठवायचे, बांधकाम त्याने पाहायचे आणि नफा निम्मा-निम्मा. परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, म्हणून खरेदीखत सध्या त्याच्या एकट्याच्या नावावर करायचे आणि तुमच्यात शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून ठेवायचे. बाकी सगळ्याला माझी ना नाही. या शेवटच्या वाक्याला मात्र माझा साफ विरोध आहे.

तुझा मित्र खोटा आहे म्हणून हा विरोध आहे असे समजू नकोस. बुधवारी सकाळी मी त्याला न सांगता त्याच्या चालू कामावर जाऊन आलो. स्लॅबवर सिमेंटची बारीक आळी बांधून त्यांत पाणी साठवलेले होते, आणि पुढच्या कॉलमच्या उभ्या सळयांना बांधायच्या रिंगा मी हातात घेऊन पाहिल्या तर प्रत्येकीची टोके आतल्या बाजूला पुरती वळवलेली होती. बहुतेक ठिकाणी बार वाकवणारे ती काटकोनात मोडून सोडून देतात, कारण एकदा काँक्रीट ओतले की पाहायला कोणी येत नाही. भूकंपात कॉलम हलला की काटकोनातली रिंग उघडते आणि आतल्या सळया बाहेर फुगतात. आत वळवलेली रिंग धरून ठेवते. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा तू लहान होतास. आम्हा महसूलच्या लोकांना पंचनाम्यांसाठी औसा तालुक्यातल्या गावांत पाठवले होते. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी ती घरे झोपलेल्या माणसांवर बसली होती. तेव्हापासून कुठलेही बांधकाम दिसले की माझी नजर आधी रिंगेच्या टोकाकडे जाते. तुझ्या मित्राचे काम त्या परीक्षेत उतरले, म्हणूनच हा बेत मी मोडीत काढत नाही.

आता जमिनीबद्दल. तिथेही मी जाऊन आलो. जमीन चांगली काळीभोर आहे, म्हणजे पिकाला सोने आणि पायाला वैरी. उन्हाने पडलेल्या भेगेत माझी काठी दीड फूट आत गेली. पावसाळ्यात हीच माती फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वरवरच्या पायावर घर उभे केले तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. तेव्हा पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागेल, भोवती काळ्या मातीऐवजी मुरमाचा भराव करावा लागेल, आणि तो खर्च तुझ्या मित्राच्या अंदाजपत्रकात पुरता धरलेला नाही. हे पैशाने सुटेल. सुटणार नाही ते दुसरेच आहे. सातबारा त्याने तुला मोबाईलवर पाठवला, तो वरून स्वच्छ दिसतो. पण आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे होता, आणि इथल्या जमिनीचे मूळ आजच्या सातबाऱ्यावर कळत नाही. फेरफारांचे, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदींचे, बोट धरून मागे जात १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत, म्हणजे त्या काळच्या जमिनीच्या मूळ नोंदीपर्यंत पोचावे लागते. मी नोकरीत असल्यापासून तेच करत आलो. या गटाच्या खासऱ्यात खिदमतमाश असा शेरा आहे. देवस्थानच्या सेवेसाठी दिलेली ही इनाम जमीन. ती विकण्याचा हक्क सेवा करणाऱ्याला नसतो, आणि मध्येच केव्हातरी तो शेरा कोणत्या आदेशाने गळला ते सापडेपर्यंत या जमिनीला हात लावणे म्हणजे दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात पाय ठेवणे आहे. तुझ्या मित्राला हे माहीत नसणार. त्याच्या पिढीला खासरा पत्रक म्हणजे काय हेच ठाऊक नाही.

पण समज, जमीन अगदी निर्वेध असती, तरी माझे उत्तर हेच असते. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन, मळे किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही हे तुझ्या मित्राने बरोबर सांगितले. त्यावर त्याने काढलेली वाट मात्र सरळ खड्ड्यात जाते. पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचे आणि फायदा पैसेवाल्याचा, या व्यवहाराला कायद्यात बेनामी म्हणतात. १९८८ च्या कायद्यानुसार असा पैसेवाला ‘ही जमीन खरे तर माझी आहे’ म्हणून नाव असलेल्याविरुद्ध कोर्टात दावासुद्धा लावू शकत नाही, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर अशी मालमत्ता सरकारजमा होऊ शकते. म्हणजे तो शंभर रुपयांचा स्टॅम्प तुझा हक्क तर राखणार नाहीच, उलट तुमच्या दोघांविरुद्धचा पुरावा होऊन बसेल.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. आता जी गोष्ट सांगतो ती तुझी आई आणि मी सोडून घरात कोणाला माहीत नाही. १९९६ साली मी आणि माझे कापड दुकानदार स्नेही, ज्यांना तू काका म्हणत होतास, अशा दोघांनी मिळून एक प्लॉट घेतला होता. निम्मे पैसे माझे होते. सरकारी नोकराने मालमत्ता घेतली की खात्याला कळवावे लागते. तो कागदपत्रांचा व्याप नको म्हणून मीच त्यांना म्हटले, ‘तुमच्या एकट्याच्या नावावर होऊ द्या.’ त्यांनी वहीच्या पानावर लिहून सही केली, आणि आयुष्यभर लोकांचे सातबारे तपासणाऱ्या मला ते पान पुरेसे वाटले. २००४ मध्ये ते अचानक गेले. दिवस झाल्यावर मी ते पान घेऊन त्यांच्या घरी गेलो, तर मुले म्हणाली, ‘बाबांनी आम्हाला असे काही सांगितले नव्हते.’ ती खोटे बोलत होती असे मला आजही वाटत नाही; बहुधा त्यांना खरोखरच सांगितलेले नव्हते. वकिलांनी ते पान पाहिले आणि परत माझ्या हातात दिले. पुढच्याच वर्षी तुझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला आईच्या पाटल्या मोडल्या. तुला आम्ही सांगितले होते की त्या जुन्या घडणीच्या झाल्या म्हणून दिल्या.

माझे स्नेही प्रामाणिक होते, आणि तुझा मित्रही आहे. पण माणूस प्रामाणिक असला म्हणून त्याचे आयुष्य त्याच्या हातात नसते, आणि त्याच्या मागे राहणाऱ्यांनी प्रामाणिकपणाचा वारसा नाकारला तर त्यांना दोषही देता येत नाही.

मग काय करायचे? बार्शी रोडला २० गुंठ्यांचाच एक अकृषक झालेला तुकडा आहे. मालक निवृत्त शिक्षक आहेत, माझ्या चांगल्या परिचयाचे. जमीन विकायची त्यांची इच्छा नाही, पण नोंदणीकृत विकसन करारनामा करून १० पैकी ३ घरांच्या बदल्यात बांधायला द्यायला ते तयार आहेत. म्हणजे जमिनीत अडकणारा पैसा वाचतो आणि तो सगळा पायात आणि स्लॅबमध्ये जातो. तुम्ही दोघांनी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी काढावी, साधी भागीदारी नको. साध्या भागीदारीत धंद्याचे कर्ज भागीदाराच्या राहत्या घरापर्यंत येऊ शकते. अनिवासी भारतीयाला अशा संस्थेत पैसे गुंतवता येतात, आपल्याला लागू पडणारी मुख्य अट ही की तिने नुसती जमीन घेऊन भाव चढल्यावर विकण्याचा धंदा करू नये. राहण्याची घरे बांधणे त्या बंदीत येत नाही. पैसे तुझ्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या इथल्या बँक खात्यातून, थेट संस्थेच्या खात्यात यावेत, मित्राच्या खात्यात एक रुपयाही नको, आणि रोखीने तर मुळीच नको. मात्र एक ध्यानात ठेव: या मार्गाने घातलेले भांडवल आणि नफा लगेच तिकडे परत नेता येत नाही, तो एनआरओ खात्यात जमा होईल आणि कर भरून, सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र घेऊन वर्षाला १० लाख डॉलरच्या मर्यादेत नेता येईल. तुझ्या रकमेला ती मर्यादा कधी आडवी येणार नाही, पण जर्मनीतल्या घराच्या हप्त्यासाठी या पैशावर विसंबू नकोस.

पैशाचे गणित तुझ्या मित्राने थोडे सैल मांडले आहे. चौरस फुटाला १,७०० रुपये आणि एका घराला १,१०० फूट धरले तरी १० घरांचे बांधकामच १ कोटी ८७ लाखांवर जाते. ६० लाख संपल्यावर पुढचे काम बुकिंगच्या पैशावर काढू असे तो म्हणतो. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असल्यामुळे आणि घरे ८ पेक्षा जास्त असल्यामुळे महारेरात, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदणी करावीच लागेल, आणि तिच्याआधी जाहिरात वा बुकिंग करता येणार नाही. नोंदणीकृत करारनाम्याआधी गिऱ्हाइकाकडून किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही; जे येईल त्यातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि जेवढे काम झाले तेवढेच, अभियंता, वास्तुविशारद आणि लेखापाल यांच्या दाखल्याने, काढता येतात. तेव्हा १० घरे एकदम न उचलता आधी ५ घ्या. शिवाय ताबा दिल्यापासून ५ वर्षे बांधकामातल्या दोषाची जबाबदारी तुमच्यावर राहते, त्यासाठी नफ्यातला एक हिस्सा बाजूला ठेवायचे करारातच लिहा. घरे खपण्याची मला चिंता नाही. शिकवण्यांसाठी नांदेड, बीड, धाराशिवकडून मुलांना घेऊन येणारी कुटुंबे तू पाहिलीच आहेस, आणि वर एक स्वतंत्र खोली काढली तर घेणाऱ्याला भाडेही सुटते.

काम दिवाळीनंतरच सुरू करा. आत्ता पाया खोदला तर पावसाळ्यात खड्डे भरतील. आणि स्लॅब असे धरा की ते मार्चच्या आत ओतून व्हावेत, कारण उन्हाळ्यात निदान १० दिवस तरी काँक्रीट ओले ठेवावे लागते आणि लातूरचा उन्हाळा म्हणजे टँकर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्या दिवसांत प्यायला पाणी नव्हते तिथे स्लॅबवर कोण ओतणार? त्या साली उभ्या राहिलेल्या काही इमारतींचे गिलावे आजही हाताने खरवडले तरी निघतात.

तुझ्या मित्राने आम मुखत्यारपत्र, म्हणजे तुझ्या वतीने सगळे व्यवहार करण्याचा अधिकार, मागितले आहे, ते देऊ नकोस. नकाशा, परवानगी, वीजजोड अशा नेमक्या कामांपुरते, मुदतीचे मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत करून पाठव; इथे पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो, ते मी पाहीन. बँकेतून पैसे काढायला दोघांच्या सह्या असाव्यात, आणि तुझा हप्ता तारखेवर नव्हे तर कामावर सुटावा: जोते झाले, पहिला स्लॅब झाला, विटकाम झाले, असे. शेवटचे कलम सर्वांत नीट लिहून घे. दोघांपैकी एकाचे काही बरेवाईट झाले तर त्याच्या वारसाला काय मिळेल, किती दिवसांत मिळेल आणि हिशोब कोण करील. हे कलम अभद्र वाटते म्हणून लोक टाळतात. मीही टाळले होते.

तुझ्या मित्राला मी येत्या रविवारी जेवायला बोलावले आहे. हे पत्र, तू हरकत घेतली नाहीस तर, १९९६ ची गोष्ट न गाळता त्याला वाचून दाखवणार आहे. त्या खासऱ्याची नक्कलही तयार ठेवली आहे. तू शनिवारपर्यंत कळव.

आईचे आशीर्वाद.

तुझे,
अण्णा