पिंजऱ्याचे दार गच्चीवर उघडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशी पोपट पाळणे हा गुन्हा आहे, हे नागपुरात आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यातून काही जण धास्तीने, काही पुण्य म्हणून, घरचा पोपट गच्चीवर नेऊन सोडतात. ही सुटका नव्हे. तो समोरच्या भिंतीपर्यंतही पोहोचत नाही आणि खाली कुत्री, वर कावळे असतातच.

घरच्या पोपटाचे पंख कापलेले असतील, तर कापलेले पीस वाढत नाही. त्याचे खुंट झडून नवे पीस यावे लागते आणि ही झड साधारण वर्षातून एकदाच होते. पिसे शाबूत असली तरी पिंजऱ्यात बसून छातीचे स्नायू आटतात. छातीवरून हलकेच बोट फिरवा. मधले हाड सुरीसारखे टोचले तर स्नायू गेलेले आहेत. हाड लागतच नसेल तर ती चरबी आहे. सूर्यफुलाच्या बियांवर पोसलेल्या पोपटाचे हेच होते, पुढे यकृतही बिघडते. (मिरचीला उगाच दोष देऊ नका, पोपटाला तिखट लागतच नाही.) नुसत्या बिया, भिजवलेली डाळ आणि चहात बुडवलेले बिस्कीट यांतून ‘अ’ जीवनसत्त्व मिळत नाही. मग पापण्या सुजतात, तोंडात पांढरे चट्टे येतात, श्वास घरघरतो. असा आजारी पक्षी बाहेरच्या थव्यात सोडणे थव्यालाही घातक आहे.

तेव्हा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा किंवा पक्षी सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये, म्हणजे वन्यजीवांच्या उपचार केंद्रात, द्या. नेताना पिंजरा नको, तारांवर आपटून पिसे तुटतात. भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाशी टॉवेल अंथरा म्हणजे पाय घसरणार नाहीत. आत पाण्याची वाटी ठेवू नका. उन्हाळ्यात सकाळी लवकरच निघा. पोपट किती वर्षे घरात होता आणि काय खात होता, हे चिठ्ठीवर लिहून द्या. पुढचे उपचार त्यावर ठरतात. काही पक्षी पुन्हा कधीच उडत नाहीत, हेही मनाशी धरून चला.

‘लव्हबर्ड’ चालतो तर पोपट का नाही, हा नेहमीचा प्रश्न. बाजारात त्या नावाने मिळतो तो बहुधा बजरीगर. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८४० च्या सुमारास युरोपात गेला आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच त्याची पैदास होत आली. आपला पोपट मात्र पिल्लू असतानाच ढोलीतून काढलेला असतो. तो बोलू लागला म्हणून त्याची जात माणसाळत नाही. मकाव, आफ्रिकन ग्रे यांसारखे परदेशी पक्षी ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंदणी केली आहे का, हे तपासून घ्यावे.

जानेवारी ते एप्रिल हा पोपटांच्या विणीचा काळ, पिल्ले विकायला येतात ती तेव्हाच. ‘सोडवायची’ म्हणूनही ती विकत घेऊ नका, विकणारा पुन्हा त्याच ढोलीत हात घालतो. महापालिकेनेही या महिन्यांत जुन्या झाडांच्या फांद्या छाटण्याआधी ढोल्या पाहून घ्याव्यात आणि पिल्ले असतील तर ती फांदी मेअखेरपर्यंत राहू द्यावी.

– एक पशुवैद्यक, धरमपेठ, नागपूर