शनिवारी मण्यांची मगर: येणाऱ्यांनी आधी वाचा

मैत्रिणींनो, येत्या शनिवारी दुपारी ३ ते ५.३०, दांडिया बाजारातल्या आपल्या नेहमीच्या खोलीत मण्यांची छोटी मगर करायची आहे. ससा-हत्ती सगळेच करतात. विश्वामित्री नदीत मगरी राहतात, तेव्हा तिच्या काठच्या आपल्या बडोद्याला मगरच शोभते! पहिल्यांदाच मणी हातात घेणाऱ्यांसाठीच हे आहे, शिकलेल्यांनी मदतीला यावे.

आणायचे:
– ३ मिमीचे काचेचे मणी: हिरवे मूठभर, पिवळे थोडे, डोळ्यांना २ काळे
– बारीक तंगूस (नायलॉनचा दोरा), सव्वा मीटरचे दोन तुकडे (एक हमखास गुंततो)
– कात्री, आणि मणी ओतायला जुना टॉवेल. ताटलीत मणी उड्या मारतात.

सुई लागत नाही. तंगुसाच्या एका टोकात ओळीचे मणी ओवायचे, दुसरे टोक त्याच मण्यांतून उलट बाजूने काढायचे आणि दोन्ही टोके सारखी ओढायची. नाकाकडून सुरुवात: १ मणी, मग २, मग ३. प्रत्येक ओळ लगेच घट्ट करा. मागच्या वेळी माझी पाचवी ओळ सैल राहिली आणि मगरीची पाल झाली. पायांसाठी शेवटचा मणी सोडून उरलेल्यांतून परत यायचे; हे तिथे हातात घेऊनच दाखवीन.

लहान मुलांना आणायचे असेल तर ८ वर्षांच्या पुढचीच आणा, मणी तोंडात जातात.

बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी खऱ्या मोत्यांचा गालिचा करवून घेतला होता. आपले काचेवर भागेल. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत कळवा. चहा आहे, चिवडा कोण आणतंय?