‘फोर्तिस्सिमो’ जोडाक्षरानेच लिहावे

माननीय संपादक,
स. न.

पाश्चात्त्य संगीतावरील मराठी लेखांत ‘फोर्टिसिमो’ (अतिशय मोठ्या आवाजात), ‘पियानिसिमो’ (अतिशय हळू आवाजात) अशी रूपे सर्रास छापली जातात. मूळ इटालियन शब्दांत ‘स’ दुहेरी आहे आणि तो उच्चारातही स्पष्ट ऐकू येतो. म्हणून हे शब्द ‘फोर्तिस्सिमो’, ‘पियानिस्सिमो’ असे लिहिले जावेत, ही विनंती करण्यासाठी हे पत्र.

विशेषणाचा अंत्य स्वर काढून ‘इस्सिमो’ हा प्रत्यय लावला की इटालियनमध्ये तमभावाचे रूप तयार होते: ‘बेल्लो’ म्हणजे सुंदर, ‘बेल्लिस्सिमो’ म्हणजे अतिशय सुंदर. येथे व्याकरणाची फोड आणि उच्चाराची फोड एकमेकींशी जुळत नाहीत, आणि या शब्दांचे खरे सौंदर्य मला त्यातच दिसते. प्रकृती (प्रत्ययापूर्वीचा मूळ शब्दभाग) आणि प्रत्यय ‘बेल्ल् + इस्सिमो’ असे सुटे होतात. बोलताना मात्र दुहेरी व्यंजनाचा पहिला भाग मागच्या अवयवाला (म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याला, सिलॅबलला) व दुसरा पुढच्या अवयवाला मिळतो आणि ‘बेल्-लिस्-सि-मो’ असे चार अवयव पडतात. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना इटालियन छपाईत हीच उच्चाराची फोड पाळली जाते. ‘स’पुढे वेगळे व्यंजन असेल, तर मात्र लेखनाच्या नियमानुसार दोन्ही पुढच्या अवयवात जातात, उदाहरणार्थ ‘जु-स्तिस्-सि-मो’.

आघात शेवटून तिसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘लिस्’वर येतो. वृत्ताचे लघु-गुरू शिकलेल्या मराठी वाचकाला हे परके वाटू नये, कारण ‘सत्य’मधला ‘स’ पुढच्या जोडाक्षराच्या आघाताने जसा गुरू होतो, तसाच येथे ‘लि’ जड होतो. एक ‘स’ गाळला की शब्दाची लयच बिघडते. शिवाय इटालियनमध्ये दुहेरी व्यंजनाने अर्थही बदलतो: ‘कारो’ म्हणजे प्रिय आणि ‘कार्रो’ म्हणजे गाडी.

‘चेलेब्रे’ (प्रख्यात) यासारखी काही विशेषणे ‘इस्सिमो’ न घेता ‘चेलेबेर्रिमो’ असे रूप घेतात, पण दुहेरी व्यंजन तेथेही सुटत नाही, फक्त ‘स’च्या जागी ‘र’ येतो.

हे शब्द इंग्रजी उच्चाराच्या वाटेने आपल्याकडे आल्यामुळे त्यांतील द्वित्व गळले असावे. देवनागरीत जोडाक्षराची उत्तम सोय असताना ते तसेच चालू ठेवण्याचे कारण नाही. आपल्या दैनिकाच्या मुद्रितशोधकांनी संगीतविषयक मजकुरापासून ही दुरुस्ती सुरू करावी.

आपली वाचक,
इटालियन भाषेची एक अभ्यासक, पुणे