पोसोलेच्या पातेल्याभोवती

ग्वादालाहारा,
१ सप्टेंबर

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घराबाहेरचा तुझा हा पहिलाच १५ सप्टेंबर, इथल्या स्वातंत्र्याच्या सणाची रात्र. तो मेक्सिको सिटीतल्या मैत्रिणींबरोबर पोसोले, म्हणजे मक्याच्या दाण्यांचा आणि मांसाचा रस्सा, रांधून साजरा करण्याचा बेत वाचून मला आणि बाबांना फार आनंद झाला. डब्यातले शिजवलेले दाणे चालतील का, असे तू विचारले आहेस. चालतील, पण जमल्यास सुकेच आण, कारण या सणाची खरी गोडी मला त्या दाण्यांवर सगळ्यांनी मिळून केलेल्या कष्टांतच सापडली आहे.

काकावासिंतले नावाचा टपोऱ्या पांढऱ्या दाण्यांचा मका तिथल्या मंडईत मिळेल. तो रात्रभर भिजवावा, सकाळी किलोभर दाण्यांना मोठा चमचाभर खाण्याचा चुना पाण्यात कालवून त्यात साली सुटेपर्यंत उकळावा आणि चोळून, पाणी बदलून स्वच्छ धुवावा. चुन्यामुळे नुसती सालच निघते असे नाही, तर मक्यात अडकलेले नायसिन हे जीवनसत्त्वही अंगी लागते. युरोपात मका पोहोचला, पण ही रीत पोहोचली नाही. म्हणून केवळ मक्यावर गुजराण करणाऱ्या तिथल्या गरिबांना नायसिनच्या अभावी होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने ग्रासले. इथल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेल्या या ज्ञानाबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे.

पुढे प्रत्येक दाण्याचे टणक टोक नखाने खुडायचे, म्हणजे शिजताना दाणा फुलासारखा उमलतो. एकटीने करायचे तर हे काम संपता संपत नाही. शेजारच्या आजींच्या ओसरीवर आम्ही सगळ्याजणी परात मध्ये ठेवून बसतो, आणि या देशाविषयी मला जे कळले आहे त्यातले बरेचसे मी तिथेच ऐकले आहे. म्हणून तू जेवायच्या वेळी पाहुणीसारखी जाऊ नकोस, सकाळीच जा.

आपल्या हालिस्को राज्याचे पोसोले लाल असते. ग्वाहियो आणि आंचो मिरच्यांच्या बिया काढून त्या गरम पाण्यात भिजवाव्यात, लसणीबरोबर वाटून गाळाव्यात आणि मग रश्शात सोडाव्यात. गेरेरो राज्याकडची कुणी असेल तर ती हिरव्या पोसोलेचा आग्रह धरील. तिचेही एक पातेले होऊ दे. गरम मसाला मात्र घालू नकोस. वरून कोबी, मुळा, कांदा, ओरेगॅनो आणि लिंबू पुरेसे आहे.

१६ सप्टेंबर १८१० च्या पहाटे डोलोरेस गावचे पाद्री मिगेल इदाल्गो यांनी चर्चची घंटा वाजवून लोकांना स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठावाची हाक दिली. पुढे आपल्याच ग्वादालाहारात, ६ डिसेंबरला, त्यांनी गुलामगिरी रद्द करण्याचा हुकूमनामा काढला. शासकीय राजवाड्याच्या जिन्यावरचे चित्रकार ओरोस्कोंनी रंगवलेले इदाल्गोंचे भव्य चित्र तू पाहिलेच आहेस. वर्षभरातच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या आणि प्रत्यक्ष स्वातंत्र्य १८२१ मध्ये आले. तरी हा देश आपला सण त्या पहिल्या हाकेच्या नावाने साजरा करतो, हे मला अतिशय योग्य वाटते. पुण्याच्या तुझ्या मावसबहिणी ५ मे हाच इथला स्वातंत्र्यदिन समजतात. तो पुएब्लाच्या १८६२ च्या लढाईचा दिवस आहे, हे त्यांना नीट समजावून सांग.

१५ च्या रात्री अकराच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष राष्ट्रीय राजवाड्याच्या सज्जातून घंटा वाजवतील. सोकालो चौकात जायचे असेल तर जेवणे लवकर उरका, कारण गर्दी फार असते. दाणे १४ तारखेच्या रात्रीच भिजत घाल. मिरच्या इथून पाठवू का, ते कळव.

तुझी,
आई